'डू यू लाइक म्युझिक?' : आयईएलटीएस स्पीकिंगमधल्या संगीताच्या प्रश्नांची तयारी

आयईएलटीएस या इंग्रजी भाषेच्या परीक्षेतली स्पीकिंगची, म्हणजे बोलण्याची, परीक्षा ११ ते १४ मिनिटांत आटोपते. बाकीचे पेपर कॉम्प्युटरवर दिलेत तरी बोलायचं असतं ते माणसाशीच, समोरासमोर किंवा व्हिडिओ कॉलवर, आणि सगळं संभाषण रेकॉर्ड होतं. सुरुवातीच्या ४-५ मिनिटांत, म्हणजे पहिल्या भागात, घर, गाव, काम, शिक्षण, आवडीनिवडी असे ओळखीचे विषय निघतात. संगीत हा त्यातलाच एक. विषय सोपा वाटतो, म्हणून बरीच मुलं त्याची तयारीच करत नाहीत. बाकीची कुठून तरी मिळालेलं 'बँड नाइन'चं, म्हणजे सर्वोच्च गुणांचं, उत्तर घोकून जातात. मग परीक्षक विचारतो, 'डू यू लाइक म्युझिक?', आणि हे ऐकू येतं:

'येस, आय लाइक म्युझिक व्हेरी मच. म्युझिक इज फूड फॉर द सोल. आय लिसन ऑल टाइप्स ऑफ म्युझिक. इट गिव्ह्ज मी रिलॅक्स.'

परीक्षक पुढे एवढंच म्हणतो, 'व्हाय?' आणि इथे गाडी अडते.

या उत्तरात व्याकरणाच्या दोन चुका आहेत, त्यांच्याकडे नंतर येऊ. खरी अडचण अशी की हे उत्तर कोणीही देऊ शकेल. बोलणारी मुलगी लातूरची नर्स आहे की ठाण्याची इंजिनिअर, ती लोकलमध्ये गाणी ऐकते की भाकऱ्या थापताना, काहीच कळत नाही. म्हणून 'व्हाय?' आल्यावर तिच्याकडे सांगायलाही काही उरत नाही. आपलं खरं ऐकणं तपशिलात सांगता आलं की वाक्यं आपोआप सुचतात, शब्द नेमके येतात आणि अडखळणं कमी होतं. पुढच्या सगळ्या पायऱ्या याच एका गोष्टीवर उभ्या आहेत.

गुण कशाला मिळतात तेही आधी बघून घ्या. निकष चार: ओघ आणि सुसंगती, शब्दसंपत्ती, व्याकरणाचा आवाका आणि अचूकता, आणि उच्चार. चारही निकषांचं वजन सारखं. चांगल्या आवडीनिवडीला गुण नाहीत. शास्त्रीय संगीत आवडतं म्हटल्याने बँड वाढत नाही आणि डीजे आवडतो म्हटल्याने कमी होत नाही. 'मी फारसं ऐकत नाही' हेसुद्धा चांगल्या इंग्रजीत सांगितलं तर पूर्ण उत्तर आहे.

खालची इंग्रजी वाक्यं मोठ्याने उच्चारून बघण्यासाठी आहेत. पाठ करून परीक्षेत म्हणायला नाहीत.

पायरी पहिली: कागद घ्या, मराठीत लिहा

इंग्रजीला अजून हात लावू नका. गेल्या आठवड्यात कानावर काय काय पडलं ते मराठीत लिहून काढा. आपण मुद्दाम लावलेलं लिहाच, पण न लावता ऐकलेलंही लिहा: रिक्षातलं, जिममधलं, शेजारच्या मंडळाच्या स्पीकरवरचं, रील्समधून घुसलेलं. प्रत्येकापुढे कुठे, कधी, कशावर आणि कोणाबरोबर ते टाका. शेवटी एक प्रश्न स्वतःला विचारा: कोणतं गाणं लागलं की मी ते लगेच बदलतो? सगळ्यात जिवंत उत्तरं बहुतेकदा याच प्रश्नातून निघतात, कारण नावडीबद्दल माणूस न अडखळता बोलतो.

समजा, तुम्ही चिंचवडहून हिंजवडीला कंपनीच्या बसने जाता. कागदावर असं काहीसं येईल: 'सकाळी सव्वासातची बस, ड्रायव्हरचा रेडिओ, जुनी हिंदी गाणी, मागच्या सीटवरचा स्पीकर फाटका. परत येताना हेडफोन, एकच गाणं पुन्हा पुन्हा. रविवारी आई मटण करताना नाट्यसंगीत लावते, बाबा आवाज कमी करायला लावतात. कॉलेजात इंग्रजी रॅप ऐकायचो, आता नको वाटतं.'

एवढ्या चार ओळींत संगीतावरच्या बहुतेक प्रश्नांचा माल आहे. कधी ऐकता, काय ऐकता, घरात कोणाला आवडतं, आवड बदलली का, सगळं इथेच सापडेल. याचं शब्दशः भाषांतर मात्र करत बसू नका. शेजारी फक्त आठवण देणारे इंग्रजी शब्द टाका: बस, रेडिओ, हेडफोन्स, ऑन रिपीट, मदर कुकिंग, कॉलेज रॅप.

पायरी दुसरी: तीन वाक्यांचं उत्तर

पहिल्या भागातल्या उत्तराची योग्य लांबी दोन ते चार वाक्यं. एका शब्दात संपवलं तर परीक्षकाला ऐकायलाच काही मिळत नाही. मिनिटभर बोलत राहिलात तर तो मध्येच थांबवून पुढचा प्रश्न घेईल. थांबवलं म्हणून घाबरू नका, त्याचे गुण जात नाहीत. त्याला वेळेत प्रश्न संपवायचे असतात, इतकंच.

आधी सरळ उत्तर, मग स्वतःचा एक तपशील, मग एक वळण: 'पण', 'मात्र', 'फक्त अमुक वेळी नाही'. हे वळण फार उपयोगाचं. ते आलं की जोडवाक्य येतं आणि व्याकरणाचा आवाका आपोआप दिसतो. वरच्याच कागदावरून बघा.

'व्हेन डू यू युज्वली लिसन टू म्युझिक?'

'मोस्टली ऑन द बस. माय ऑफिस इज अबाउट अ‍ॅन अवर अवे, सो आय पुट माय हेडफोन्स ऑन अ‍ॅज सून अ‍ॅज आय गेट अ सीट. इन द मॉर्निंग, दो, द ड्रायव्हर हॅज द रेडिओ ऑन, सो आय डोन्ट रिअली हॅव अ चॉइस.'

यात एकही भारी शब्द नाही. पण 'अ‍ॅज सून अ‍ॅज' आहे, वाक्याच्या मध्ये सहज टाकलेलं 'दो' (म्हणजे 'मात्र') आहे, आणि 'डोन्ट रिअली हॅव अ चॉइस'मधला किंचित वैताग आहे. सुरुवात 'आय युज्वली लिसन टू म्युझिक व्हेन' अशी प्रश्नाची पोपटपंची करून केलेली नाही. थेट 'मोस्टली ऑन द बस'. बोलताना अर्धं वाक्य चालतं. 'कधी ऐकतोस?' असं कोणी मराठीत विचारलं तर आपणही 'बसमध्ये, जास्त करून' असंच म्हणतो ना.

आणि 'व्हाय?' आलंच, तर कारणही त्याच बसमध्ये आहे: 'बिकॉज इट्स द ओन्ली अवर ऑफ द डे व्हेन नोबडी निड्स मी.' हे वाक्य कोणत्याही गाइडात सापडणार नाही.

पायरी तिसरी: मराठीतून येणाऱ्या चुका

इथे थोडं रेंगाळू, कारण संगीताच्या उत्तरांत आपल्याकडच्या लोकांच्या त्याच त्या चुका होतात. त्या ओळखीच्या झाल्या की स्वतःच्या बोलण्यात लगेच कानाला टोचतात.

पहिली, 'लिसन'नंतरचा 'टू'. आपण 'गाणी ऐकतो', मध्ये काही लागत नाही, म्हणून 'आय लिसन म्युझिक' तोंडात बसलेलं असतं. 'लिसन टू' हा एकच शब्द आहे असं समजून म्हणा: लिसन्टू. ज्याचं ऐकतो त्याचं नाव 'टू'च्या पुढे आलं नाही तरी तो राहतो, जसं 'द सिंगर आय लिसन टू मोस्ट इज...'. आपल्या इच्छेशिवाय कानावर पडतं तेव्हा 'हिअर': 'आय हिअर माय नेबर्स म्युझिक एव्हरी मॉर्निंग.' 

दुसरी, सवयीसाठी 'अ‍ॅम लिसनिंग'. 'मी रोज ऐकत असतो' हे डोक्यात मराठीत तयार होतं आणि 'आय अ‍ॅम लिसनिंग डेली' बाहेर येतं. सवय असेल तर साधा वर्तमानकाळ: 'आय लिसन टू इट एव्हरी डे.' सध्या काही दिवसच चाललंय असं सांगायचं असेल तेव्हा 'इंग'चं रूप बरोबर: 'आय अ‍ॅम लिसनिंग टू अ लॉट ऑफ गझल्स धिस मंथ.' एकाच उत्तरात दोन्ही आली तर उत्तमच.

तिसरी, 'लहानपणापासून'. 'फ्रॉम चाइल्डहूड आय अ‍ॅम लिसनिंग' हे इतकं सर्रास ऐकू येतं की चूक वाटतच नाही. तेव्हा सुरू झालं आणि अजून चालू आहे, तर 'आय हॅव बीन लिसनिंग टू हर सिन्स आय वॉज अ चाइल्ड'. किती वर्षं ते सांगायचं असेल तर 'फॉर': 'फॉर अबाउट टेन इयर्स'. याहून सोपी वाट हवी असेल तर 'आय ग्रू अप लिसनिंग टू...' वापरा. काळाची कटकट नाही, आणि कानालाही छान लागतं.

चौथी, 'यूज्ड टू'. मराठीतलं 'ऐकायचो', 'ऐकायचे' हे रूप इथे चपखल बसतं: 'आय यूज्ड टू लिसन टू रॅप इन कॉलेज.' म्हणजे आता ऐकत नाही. गोंधळ होतो तो आजच्या सवयीसाठी 'आय यूज टू लिसन' म्हटल्याने. तसं इंग्रजीत नाही. आजची सवय 'युज्वली'ने सांगा. 'हॅज युअर टेस्ट इन म्युझिक चेंज्ड?' हा प्रश्न आला तर आनंद माना, कारण त्याचं उत्तर म्हणजे 'यूज्ड टू' आणि 'नाउ' यांची जोडी: 'इट हॅज, क्वाइट अ लॉट. आय यूज्ड टू प्ले रॅप अ‍ॅट फुल व्हॉल्यूम, बट आफ्टर नाइन अवर्स ऑफ मीटिंग्ज आय कान्ट स्टँड एनीथिंग लाउड.'

बाकीच्या किरकोळ आहेत, पण गुण खातात. 'म्युझिक' मोजता येत नाही, म्हणून 'अ म्युझिक' नाही आणि 'म्युझिक्स'ही नाही. मोजायचं तर 'सॉन्ग' किंवा 'पीस ऑफ म्युझिक'. 'गिव्ह्ज मी रिलॅक्स' ऐवजी 'हेल्प्स मी रिलॅक्स'. कंटाळा आला असेल तर 'आय गेट बोअर्ड'; 'आय अ‍ॅम बोरिंग' म्हणजे मीच कंटाळवाणा, आणि परीक्षकाला ते मान्य करायची वेळ आणू नये. वाक्याच्या शेवटी येणारं 'ओन्ली' आणि 'नो?' घरी ठेवा.

या सगळ्या एकदम सुधारायला जाऊ नका. एका आठवड्याला एक चूक घ्या.

पायरी चौथी: भारी शब्द नकोत, जोड्या हव्यात

'मेलोडिअस', 'सूदिंग', 'माइंड-ब्लोइंग', 'युनिव्हर्सल लँग्वेज', 'स्ट्रेस बस्टर'. ही यादी वाचतानाच लक्षात आलं असेल की आपल्या ओळखीचे सगळे हेच बोलतात. शब्दसंपत्ती म्हणजे दुर्मीळ शब्द असा समज आहे, तो सोडा. रोजच्या शब्दांच्या नैसर्गिक जोड्या वापरता येणं जास्त महत्त्वाचं. गंमत अशी की आपण मराठीत गाण्यांबद्दल जे बोलतो, त्याला इंग्रजीत तितकीच साधी जोडी असते.

गाणी लावणं म्हणजे 'पुट सम म्युझिक ऑन'. रेडिओवर अचानक आवडतं गाणं लागतं तेव्हा 'अ सॉन्ग आय लव्ह केम ऑन'. आवाज वाढवा, 'टर्न इट अप'. कमी करा, 'टर्न इट डाउन'. गाणं सकाळपासून डोक्यात बसलंय: 'इट्स बीन स्टक इन माय हेड सिन्स धिस मॉर्निंग'. तेच तेच ऐकतोय: 'आय हॅव हॅड इट ऑन रिपीट'. आधी नाही आवडलं, ऐकता ऐकता आवडायला लागलं: 'इट ग्रू ऑन मी'. चाल पटकन तोंडात बसणारी: 'कॅची'. नुसतं मागे चालू असतं, लक्ष नसतं: 'इट्स जस्ट ऑन इन द बॅकग्राउंड'. कधी कधी ऐकावंसं वाटत नाही: 'आय अ‍ॅम नॉट ऑल्वेज इन द मूड फॉर इट'. माझा आवाज बेसूर: 'आय कान्ट सिंग इन ट्यून'.

यातल्या तुमच्या कागदाशी जुळणाऱ्या पाच-सहाच निवडा. ज्याला काहीच 'ऑन रिपीट' लागत नाही त्याने ते वाक्य शिकून उपयोग नाही, ऐनवेळी आठवणारच नाही.

पायरी पाचवी: आपलं संगीत परक्याला कसं सांगायचं

परीक्षक भारतीय असेल, नसेलही. 'आय लिसन टू अभंग अँड लावणी' म्हणून पुढे गेलात तर समोरच्याला काही कळलं नाही, आणि तुमची एक सुंदर संधी गेली. मराठी नाव घ्या आणि लगेच 'व्हिच इज' किंवा 'व्हिच आर' जोडून एका दमात सांगा. अनोळखी गोष्ट स्वतःच्या शब्दांत समजावता येणं हे शब्दसंपत्तीच्या निकषात थेट जमा होतं, आणि उपवाक्य वापरल्याने व्याकरणातही.

अभंग: 'माय ग्रँडमदर सिंग्ज अभंग्ज, व्हिच आर डिव्होशनल साँग्ज बाय पोएट-सेंट्स. सम ऑफ देम आर अराउंड सेव्हन हंड्रेड इयर्स ओल्ड.' हे खरंही आहे. ज्ञानेश्वर-नामदेवांचा काळ तेराव्या-चौदाव्या शतकातला.

लावणी: 'अ फास्ट, रादर चीकी काइंड ऑफ फोक सॉन्ग, युज्वली परफॉर्म्ड विथ डान्स अँड अ ड्रम कॉल्ड द ढोलकी.' इथला 'चीकी' (खट्याळ) शब्द तुमच्यासाठी बरंच काम करतो.

नाट्यसंगीत: 'साँग्ज फ्रॉम ओल्ड मराठी म्युझिकल प्लेज, बेस्ड ऑन क्लासिकल रागाज.' अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली संगीत नाटकाचा पाया घातला हे आपल्याला माहीत असावं, पण परीक्षकाला साल सांगायची गरज नाही. तो इतिहासाचा तास होतो आणि तुमचा श्वास त्या आकड्यात अडकतो.

ढोल-ताशा: 'ह्यूज ग्रुप्स ऑफ ड्रमर्स हू प्ले इन द स्ट्रीट ड्युरिंग द गणेश फेस्टिव्हल. यू फील इट इन युअर चेस्ट बिफोर यू हिअर इट.' गोव्याकडच्या वाचकांना मांडो सांगायचा तर 'स्लो कोंकणी लव्ह साँग्ज, विथ व्हायोलिन अँड अ क्ले ड्रम कॉल्ड द घुमट'.

'हॅव यू एव्हर बीन टू अ लाइव्ह कॉन्सर्ट?' या प्रश्नावर मुलं विचारात पडतात, कारण कॉन्सर्ट म्हटलं की तिकिटाचा मोठा शो डोळ्यांसमोर येतो. गावच्या जत्रेतला ऑर्केस्ट्रा, सप्ताहातलं कीर्तन, कॉलेजचं गॅदरिंग, हे सगळं लाइव्हच. पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवाला गेला असाल तर मग प्रश्नच नाही. पंडित भीमसेन जोशींनी गुरूंच्या स्मरणार्थ १९५३ मध्ये सुरू केलेला हा महोत्सव डिसेंबरात भरतो. 'इट्स अ क्लासिकल म्युझिक फेस्टिव्हल इन पुणे. आय वेंट विथ माय अंकल. टू बी ऑनेस्ट, आय डिडन्ट अंडरस्टँड मच, बट आय लव्ह्ड सिटिंग देअर इन अ शॉल, इटिंग अँड लिसनिंग.' मात्र खरोखर गेला असाल तरच हे सांगा. नसाल तर जत्रेचा ऑर्केस्ट्राच बरा. परीक्षकाने पुढचा प्रश्न विचारला तर निदान तो आठवतो तरी.

एका उत्तरात एकच प्रकार समजावा. तीन नावं, तीन व्याख्या असं झालं की ते शब्दकोश वाचल्यासारखं वाटतं.

पायरी सहावी: उच्चार

मराठी वळणाच्या उच्चारासाठी गुण कापत नाहीत. ऐकणाऱ्याला त्रास न होता कळलं पाहिजे, एवढंच. परदेशी उच्चाराची नक्कल केली की तिसऱ्या वाक्याला ती गळून पडते आणि उत्तर दोन आवाजांत ऐकू येतं. पण संगीताच्या विषयातल्या काही शब्दांवर काम करायलाच हवं.

सगळ्यात जास्त वेळा येणारा शब्द 'म्युझिक'. त्यातला 'झ' आपल्या 'झाड'मधला नाही. 'झाड' म्हणताना जीभ वर टेकते आणि आवाज क्षणभर अडतो. इंग्रजीत तो अडत नाही, भुंग्यासारखा सलग गुणगुणतो. गळ्यावर बोट ठेवा, 'स्स्स' म्हणा, आणि जीभ न हलवता त्यातच आवाज घाला. तोच उच्चार.

दुसरं, 'व'. आपण लिहिताना 'व्हॉट', 'व्हेन' लिहितो आणि 'व्हॉइस', 'व्हायोलिन'ही तसंच लिहितो, त्यामुळे दोन्हीकडे एकच आवाज काढतो. इंग्रजीत ते वेगळे. 'वॉट', 'वेन' म्हणताना शीळ घालायला ओठ करतो तसे गोल करायचे, दात कुठेही लागत नाहीत. 'व्हॉइस', 'व्हायोलिन', 'लव्ह' म्हणताना वरचे दात खालच्या ओठावर टेकवायचे. 'फोक' आणि 'फेव्हरिट'मधला 'फ'ही असाच दात टेकवून. आपल्या 'फूल'सारखे ओठ मिटायचे नाहीत.

तिसरं, आघात. मराठीत प्रत्येक अक्षराला आपण जवळपास सारखाच न्याय देतो. इंग्रजीत एका अक्षरावर जोर आणि बाकीची गिळलेली. 'म्युझिक'मध्ये जोर पहिल्यावर, पण 'म्युझिशन'मध्ये 'झि'वर. 'इन्स्ट्रुमेंट'मध्ये पहिल्यावर, 'इन्स्ट्रुमेंटल'मध्ये 'मेन'वर. 'गिटार'मध्ये 'टार'वर. 'क्लासिकल'मध्ये पहिल्यावर, 'डिव्होशनल'मध्ये 'व्हो'वर. संगीताचा प्रकार सांगणारा तो शब्द 'जेनर' नाही, 'झॉन्र' आहे. जमत नसेल तर 'काइंड ऑफ म्युझिक' म्हणा, काहीही बिघडत नाही. 'लिसन'मध्ये 'ट' नाही, आणि भूतकाळी 'लिसन्ड', 'लिसनेड' नाही. 'लाइव्ह म्युझिक' आणि 'आय लिव्ह इन नाशिक' यांत गल्लत नको.

पायरी सातवी: अडलात तर

प्रश्न ऐकू आला नाही तर 'सॉरी, कुड यू से दॅट अगेन?' असं सरळ विचारा. न कळलेल्या प्रश्नाचं अंदाजाने उत्तर देण्यापेक्षा हे केव्हाही चांगलं. विचार करायला वेळ हवा असेल तर 'आय हॅव नेव्हर रिअली थॉट अबाउट दॅट' म्हणता येतं, पण प्रश्न बघून म्हणा. 'डू यू लाइक म्युझिक?' यावर 'दॅट्स अ व्हेरी इंटरेस्टिंग क्वेश्चन, लेट मी थिंक' असं कोणी म्हटलं की ते पाठ केलेलं आहे हे लपत नाही.

वाद्य येत नाही? 'नो, आय डोन्ट. आय हॅड हार्मोनियम लेसन्स फॉर अ फ्यू मंथ्स इन स्कूल, बट माय टीचर वॉज मोअर रिलीव्ह्ड दॅन आय वॉज व्हेन आय स्टॉप्ड.' गाणी आवडतच नाहीत? 'नॉट रिअली. आय प्रिफर पॉडकास्ट्स, ऑर जस्ट सायलेन्स. माय रूममेट हॅज म्युझिक ऑन ऑल डे, सो बाय इव्हिनिंग आय हॅव हॅड इनफ.' थोडं खोटं बोललात तरी परीक्षेला चालतं, कोणी पुरावा मागत नाही. पण खोटं रचण्यात डोकं गुंतलं की इंग्रजीकडे लक्ष राहत नाही.

बोलता बोलता चूक लक्षात आली तर एकदा सुधारा आणि पुढे जा: 'आय लिसन, सॉरी, आय लिसन्ड.' प्रत्येक चूक परत मागे जाऊन सुधारलीत तर ओघाचे गुण जातील.

पायरी आठवी: सराव, रेकॉर्डिंगसह

मोबाइलचा रेकॉर्डर चालू करा, एक प्रश्न घ्या, तयारी न करता उत्तर द्या. मग ते ऐकत ऐकत जसंच्या तसं कागदावर उतरवा, सगळ्या 'अं', 'म्हणजे', 'लाइक'सकट. कंटाळवाणं काम आहे आणि स्वतःचा आवाज ऐकवत नाही, हे खरं. पण तिसऱ्या पायरीतल्या चुका कागदावर लाल पेनाने खूण करण्याजोग्या स्पष्ट दिसतात. एक-दोन दुरुस्त करा, कागद उलटा ठेवा आणि पुन्हा बोला. वाचून दाखवायचं नाही. तिसऱ्यांदा बोललात की तो प्रश्न सोडा, नाहीतर तेही पाठ होईल. पाठ केलेलं उत्तर सुरावरून ओळखू येतं: आवाज सपाट, वेग एकसारखा, आणि शेवटचं वाक्य संपल्यावर सुटकेचा श्वास.

दुसऱ्या भागासाठी थोडी वेगळी कसरत. तिथे एक कार्ड मिळतं, त्यावर विषय आणि काही मुद्दे, तयारीला १ मिनिट, मग १ ते २ मिनिटं सलग बोलायचं. समजा विषय आहे लहानपणी आवडलेलं गाणं. नवशिका पस्तीस सेकंदांत संपतो, कारण तो गाण्याबद्दलच बोलत राहतो. गाण्याभोवतीचं बोला: ते कुठे वाजायचं, टेप कोणाचा होता, कोण गायचं, कोण ओरडायचं, आज ते लागलं की काय आठवतं. सरावासाठी भाषाशिक्षणात वापरली जाणारी ४-३-२ ची पद्धत चांगली आहे. तीच गोष्ट आधी ४ मिनिटांत सांगा, मग ३ मिनिटांत, मग २ मिनिटांत, शक्यतो दर वेळी वेगळ्या माणसाला. मजकूर ओळखीचा होत जातो आणि जीभ सैल होते. घरात ऐकणारं कोणी नसेल तर भिंतीला सांगा.

तिसऱ्या भागात प्रश्न तुमच्यावरून समाजावर जातात. मुलांना शाळेत संगीत शिकवावं का, पारंपरिक संगीत टिकेल का, अशा वळणाचे. तिथे 'आय' कमी आणि 'पीपल', 'पेरेंट्स', 'यंगर जनरेशन' जास्त. 'टेंड टू' आणि 'इट डिपेंड्स ऑन' हाताशी ठेवा. उदाहरण मात्र आपल्याच गल्लीतलं द्या. ढोल-ताशा पथकांत आयटीत काम करणारी मुलंमुलीही असतात, हे पारंपरिक संगीतावरच्या प्रश्नाला मिळालेलं आयतं उत्तर आहे. विसर्जनाच्या आवाजाने आजारी माणसांना होणारा त्रास ही त्याचीच दुसरी बाजू.

शेवटी, मित्राच्या हातात द्यायचे प्रश्न. त्याला सांगा, क्रम बदलून विचार, मध्येच तोड, आणि प्रत्येक दुसऱ्या उत्तराला नुसतं 'व्हाय?' म्हण:

व्हॉट काइंड ऑफ म्युझिक डू यू लिसन टू?
व्हेन डू यू युज्वली लिसन टू म्युझिक?
डू यू प्रिफर लिसनिंग अलोन ऑर विथ अदर्स?
इज देअर एनी म्युझिक यू डोन्ट लाइक?
डिड यू लर्न म्युझिक अ‍ॅट स्कूल?
कॅन यू प्ले अ म्युझिकल इन्स्ट्रुमेंट?
हॅज युअर टेस्ट इन म्युझिक चेंज्ड?
डू यू लिसन टू म्युझिक व्हाइल यू वर्क ऑर स्टडी?
व्हॉट म्युझिक इज पॉप्युलर व्हेअर यू लिव्ह?
हॅव यू एव्हर बीन टू अ लाइव्ह कॉन्सर्ट?